सेलखालची पट्टी

बाबा, आज तुमच्या घड्याळदुरुस्तीच्या पेटीतला बारीक चिमटा बाहेर काढला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ज्या वस्तूबद्दल लिहिते आहे ती तुम्ही पाहिलेलीच नाही. आईच्या किल्ल्यांच्या जुडग्यात मी एक बटणाएवढं यंत्र अडकवलं आहे. आई कुठे आहे ते माझ्या फोनवर दिसतं. आत तुमच्या घड्याळांत असायचा तसाच चपटा सेल. मी रोज सकाळच्या बसने पांढुर्ण्याहून सौंसरला शिकवायला जाते, ती दिवसभर घरी एकटी, आणि अलीकडे विसरते. गॅस विसरते, शेजारणीचं नाव विसरते. म्हणून हा सगळा उपद्व्याप.

गेल्या मंगळवारी मी डबा घरी विसरले. मी विसरले, ती नव्हे! तो पोचवायला आई बसमध्ये बसली, सौंसरला उतरलीच नाही, थेट पुढच्या रामाकोन्याला जाऊन उतरली. दुपारी घरी फोन लावते तर उचलत नाही. यंत्र पाहते तर आदल्या संध्याकाळपासून मुकं. सावरगावच्या पुलाकडे गेली असेल, नदीत उतरली असेल, नाही नाही ते मनात आलं. शेवटी रामाकोन्याच्या एका चहावालीचा फोन आला. आईच्या पिशवीत माझ्या नंबरची चिठ्ठी होती. मी पोचले तेव्हा आई बाकावर बसलेली, डबा मांडीवर. मला पाहून म्हणते, "जेवली नसशीन न तू?" आणि मी, चाळीस पोरांना शिस्त शिकवणारी बाई, सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसले, "तुले काही समजते का नाही? माझा जीव घ्याचा आहे का तुले?" तिनं डबा तेवढा पुढे केला.

सेलच संपला असणार, असं मी धरून चालले. आज रविवार. नवा सेल आणला, ओट्यावर पांढरा रुमाल पसरला, तुम्ही पसरायचात तसा, आणि यंत्राचं झाकण फिरवलं. आत सेल आणि पितळी पत्तीच्या मध्ये कागदाची पट्टी! नीट कापलेली, टोक आत दुमडलेलं, त्यावर कॅलेंडरच्या लाल आकड्याचा तुकडा. ही पट्टी घालणारी माणसं या जगात तीनच होती, आणि त्यातले तुम्ही आता नाही.

दुरुस्त होऊन गिऱ्हाइकाची वाट पाहत पडलेल्या घड्याळांत तुम्ही अशा पट्ट्या घालायचात, सेल उगाच उतरू नये म्हणून. जुन्या कॅलेंडरच्या त्या पट्ट्या आईच कापून द्यायची. मी दहा वर्षांची असेन. एका गुरुजींच्या गजराच्या घड्याळात पट्टी मी घातली आणि काढायची राहून गेली. ते बंद घड्याळ घेऊन परत आले. तुमचं भिंग अजून डोळ्याला लावलेलंच आहे, दुकानात चार गिऱ्हाइकं उभी आहेत, आणि तुम्ही मला म्हणताय, "ज्यानं लावली त्यानंच काढाची. ध्यानात राहत नसन तं हात लावाचा नाही." मी शरमेनं जमिनीत गेले होते, बाबा. आजही ते शब्द ऐकू येतात.

मी पट्टी ओढली आणि यंत्र टुणकन वाजलं. जुना सेल ठणठणीत होता.

आई खाली बसून मेथी निवडत होती. "आई, ही पट्टी तू घातली?"

"मंग? रातभर घरीच राहतो न मी, उगाच सेल कायले जाळाचा? संध्याकाळी घालून देतो, सकाळी काढून घेतो. तुह्या बाबानंच तं शिकवलं."

बोलता बोलता तिच्या हातातली जुडी थांबली. "मंगळवारी काढली होती न मी?" मग एकदम घाबरून, "काढली नव्हती का व?"

तिचा चेहरा पाहवेना. मी म्हटलं, "काढली होती ना, आई. सेलच गेला होता. हा पाहा, नवा आणला."

"मंग ठीक आहे," म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

आत्ता संध्याकाळ आहे. तिनं किल्ल्या मागून घेतल्या, चष्मा लावला आणि माझ्यासमोर नवी पट्टी कापून आत सरकवली. टोकही दुमडलं. हात जरासुद्धा हलला नाही. उद्या ती अंघोळीला गेली की बसच्या आधी मी ती काढून ठेवणार, परवाही काढणार. लावणाऱ्यानंच काढायची हा तुमचा नियम मी मोडते आहे, मला काय बोलायचं ते बोला. नवा सेल पाकिटातच आहे, आणि रामाकोन्याला तिला जे बोलले त्याची माफी मी अजून मागितलेली नाही.