एका गेटाला एक मत

मोशी,
१४ जानेवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

चेन्नईचं जेवण मानवलं का? इकडे थंडी आहे. आईचा गुडघा पिंपरीच्या दवाखान्यात दाखवून आणला, औषध चालू आहे.

तुझे सात फोन मी उचलले नाहीत. मोबाईल बिघडलेला नाही. बोलायला तोंड नाही, म्हणून लिहितेय.

'प्रत्येक फ्लॅटला एक मत' हा तुझा ठराव रहिवासी मंडळाच्या मीटिंगमध्ये मांडलाच गेला नाही. उलटाच मंजूर झाला: एका गेटाला एक मत! बंगले बावीस, गेटं बावीस, मतं बावीस. आपल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट चौऱ्याऐंशी, पण गेट एकच, म्हणून मत एक. आणि लगेच बंगल्यांमधला रस्ता फ्लॅटवाल्यांना बंद. आईला आता बसस्टॉपला जायचं तर त्या गुडघ्यानिशी सगळा वळसा. दहा मिनिटांत झालं रे सगळं.

तू विचारशील, मिनल, माझ्या जागी तुला पाठवलं होतं, तू काय करत होतीस?

सत्कार घेत होते.

मी जाऊन बसले तोच अध्यक्ष बबनराव उठले. "नागसेनची भन आलीय. फ्लॅटवाल्यांची पयली बाई मंडळात आली हाय, पयला मान तिचा." शाल, नारळ, गुच्छ. खोटं कशाला बोलू दादा, मला फार बरं वाटलं. चाकणला कारखान्यात आठ वर्षं लाइनवर उभी आहे, सुपरवायझरनं कधी नावानं हाक मारली नाही. इथे माझे फोटो काढत होते! तेवढ्यात सेक्रेटरी कुलदीप एक कागद भरभर वाचत होता. मला वाटलं, आभार मानतोय. वाचून झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नारळ मांडीत ठेवून मीही वाजवल्या. आभाराला कोण गप्प बसतं?

"टाळ्यांच्या गजरात, एकमताने मंजूर," कुलदीप म्हणाला.

"अहो, कशाला मंजूर? मी कुठे हो म्हणाले?" मी ओरडलेच. बबनराव हसले. "ताई, समद्यात जोरात तुमीच वाजवल्या. फोटू हाय."

घरी आले, नारळ ओट्यावर ठेवला. आईला काय कळणार! तिनं कौतुकानं त्या नारळाच्या वड्या केल्या, जिन्यातल्या सगळ्यांना वाटल्या. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ठराव आला, खाली माझा फोटो. समोरच्या स्वरूपा वहिनी वड्यांचा डबा परत द्यायला आल्या आणि दारातच ठेवून गेल्या. मी दार लावून रडले.

मग एका वकिलांना गाठलं. ते म्हणाले, एक वाट आहे. प्रतिनिधीला अशी संमती द्यायचा अधिकार आम्ही दिला नव्हता, असं सगळ्या फ्लॅटमालकांनी लिहून दिलं तर ठरावाला हरकत घेता येईल. एक जरी सही कमी पडली तर ते म्हणतील, बघा, फ्लॅटवाल्यांतच फूट आहे. शेजारच्या धम्मरत्न काकांनी मजकूर लिहिला. त्यांनी बिचाऱ्यांनी माझं नाव टाळलं होतं, नुसतं 'आमच्या प्रतिनिधीने' लिहिलं होतं. मी पेन घेतलं आणि पूर्ण नाव घातलं. 'कोणालाही न विचारता, न समजता संमती दिली.' मग तो कागद घेऊन दारोदार मीच फिरले. कोणी पाणी विचारलं, कोणी तोंडावर दार लावलं. त्या दारी पुन्हा गेले.

त्र्याऐंशी सह्या झाल्या. चौऱ्याऐंशीवा फ्लॅट तुझ्या नावावर आहे.

कागद सोबत पाठवतेय. आई म्हणते, भाऊ बहिणीविरुद्ध सही कशी करेल? दादा, दोन वर्षं कामावरून आलास की चहासुद्धा न पिता तू या मतासाठी घरोघर हिंडलास. माझी लाज राखायला थांबलास, तर ते मत दुसऱ्यांदा माझ्याचमुळे जाईल. एकदा झालं तेच मला सोसत नाही.

हात आखडू नकोस. वाच, सही कर, त्याच दिवशी कुरिअर कर.

जिच्याविरुद्ध सही करायची आहे ती, तुझीच,
मिनल