अंगठ्याचा अंदाज

शेलार,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव जीवन यास दौलतदादाचे आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. अंजूरला राहीताईकडे वेळेवर जेवतोस ना? इकडे तुझ्या वहिनीने माझ्याशी बोलणं टाकलंय. हे पत्र मात्र तीच घेऊन येईल.

कारखान्यात नवी कॉइल गुंडाळायला घेतलीय. आधीच्या कॉइलचं काय झालं ते तुला ठाऊकच आहे. अतिथंड पातळ नायट्रोजनमध्ये बुडवून करंट सोडला आणि तिची सुपरकंडक्टिंग टेप, ती बिनअडथळा वीज वाहणारी पट्टी, एका जागी जळून तुटली. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "लूमवाल्यांना ठेवलं तीच चूक." अर्धी कॉइल तू गुंडाळली होतीस, अर्धी मी. माझं चुकणं शक्यच नाही, म्हणून तुला धरलं.

"दादा, माझी चूक न्हाय," तू म्हणालास. मी मशीनचं हँडल उपसलं. पहिला फटका पाठीत घातला. तू खाली पडलास, तोंडावर हात घेतलास, तर त्या हातावरच मारत राहिलो. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. त्यानंतरही दोन फटके मारले. ते रागाचे नव्हते, जीवन. मला बरं वाटत होतं.

काल दिपाली मॅडमनी मशीनवरची ताणाची नोंद दाखवली. टेपमधला करंट वाहणारा थर केसाहून पातळ, जास्त ओढला की आतून तडकतो. वरून टेप नवीकोरीच दिसते. ताणाचा काटा चढलाय तो माझ्या पाळीत. वीस वर्षं लूमवर जॉबर होतो, माग जुळवून द्यायचो, बीमच्या रुळावरचं सूत अंगठ्याने वाजवून ताण ठरवायचो. ही टेपही तशीच वाजवली, ढिली वाटली, स्क्रू आवळला. तू शेजारीच उभा होतास.

मी मॅडमना विचारलं, "आता सैल केली तर सुधारेल?"

"एका मर्यादेपर्यंत सुधारते. त्यापुढे ओढली की नाही."

मर्यादा किती, ते विचारायचा धीर झाला नाही.

सगळं बघूनही मार खाताना तू माझं नाव घेतलं नाहीस. दवाखान्यात तर शिडीवरून पडलो म्हणालास. मला लाज वाटते, आणि खरं सांगतो, तुझा रागही येतो.

साहेबांना सगळं सांगितलं. आज पोलीस ठाण्यात लिहूनही दिलं. उद्या ते तुझा जबाब घ्यायला येतील. मला वाचवू नकोस. वाचवलंस तर मी पुन्हा कुणावर तरी हात टाकेन. मी मला ओळखतो.

तुला मारणारा,
दौलत