डोकी ठेवू की पाय?

प्रिय भोवऱ्या,

पेनड्राइव्ह नातीच्या लोकरीच्या टोपीत गुंडाळला आहे. टोपी झटकू नकोस, नाहीतर तो पलंगाखाली जाईल आणि तू फोन करून म्हणशील, आई, तू पाठवलाच नाहीस. तुला असं सगळं आधी सांगावंच लागतं. भोवरा हे नाव बाबांनी तुला उगाच नाही दिलं. कॅमेऱ्यात धरायला जावं तर हा चौकटीबाहेर, असं ते म्हणायचे.

तू म्हणाला होतास की तुझ्या लहानपणाच्या टेपा नव्या टीव्हीवर कडेपासून कडेपर्यंत भरून दिसायला हव्यात. एवढा लांबरुंद टीव्ही घेतला आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, भिंतीवर दार अर्धवट उघडं राहिल्यासारखं दिसतं, असं तुझं म्हणणं. मी ते तसं केलेलं नाही. पट्ट्या ठेवल्या आहेत. का, ते फोनवर सांगता आलं नसतं, कारण फोनवर तू कायम कुठेतरी निघालेला असतोस.

टेपा घेऊन मी बाजारातल्या व्हिडिओच्या दुकानात गेले. खाली झेरॉक्स, वर जिना चढून एक लहानशी खोली, तीन यंत्रं, एक पंखा, आणि चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेली एक बाई. तुझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. मी तिला मनात चष्मेवाली म्हणते. बाबांना ती ओळखत होती. म्हणाली, काका आमच्या दुकानात यायचे ते चहा प्यायला कमी आणि चुका काढायला जास्त. हे ऐकून मला बरं वाटलं. माणूस गेला की सगळे त्याला एकदम देव करून टाकतात. ही तशी नाही.

तिने मला तीन गोष्टी समजावल्या. मला त्या बऱ्याचशा माहीत होत्या. बाबांनी कुठल्याही यंत्राचं माहितीपुस्तक कधी उघडलं नाही, ते मी वाचायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच. मी नीट वाचायला शिकले ती त्या पुस्तकांवर. गोष्टीची पुस्तकं नंतर आली. तर आपला जुना टीव्ही रुंदीला चार तर उंचीला तीन, जवळजवळ चौकोनी. तुझा सोळास नऊ. जुनं चित्र नव्यात भरायचं तर एक, आडवं ताणायचं. दोन, वरखाली कापायचं. तीन, आहे तसं ठेवून बाजूला पट्ट्या सोडायच्या.

ताणण्याचं तर विचारू नकोस. चष्मेवालीने तुझ्या आत्याच्या लग्नाची टेप ताणून दाखवली आणि मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून आत्याला पाठवला. लगेच फोन. वहिनी, मी त्या दिवशी उपाशी होते, एवढी जाड कशी दिसेन? मी म्हटलं, अगं, टीव्ही रुंद झालाय, तू नाही. म्हणाली, मग टीव्हीला उपाशी ठेवा. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. पण मला त्या चित्राकडे बघून आपल्या भिंतीवरचा बाबांचा फोटो आठवला. सगळ्या गावाची लग्नं कॅमेऱ्यात टिपणाऱ्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो घरात निघाला नाही. ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला, तोही चौकटीत बसावा म्हणून फोटोवाल्याने बाजूने ताणला. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, रोज सकाळी मी त्या रुंद चेहऱ्याला बघते आणि मनातल्या मनात तो अरुंद करून घेते.

ताणायचं नाही म्हटल्यावर कापणं उरलं. चष्मेवाली म्हणाली, काकू, उंचीतला चौथा हिस्सा जाईल. डोकी ठेवू की पाय? ती हे रोज विचारत असणार, पिशवी देऊ का विचारावं तसं. सगळे काय म्हणतात, मी विचारलं. म्हणे, डोकी. पाय बघायला कोण येतं? मीही म्हटलं, डोकी ठेव.

मग तिने तुझी सायकलची टेप लावली. गोदामामागचं मैदान, लाल सायकल, तू सहा वर्षांचा. ही टेप आपल्या घरात किती वेळा लागली आहे. तू प्रत्येक वेळी तीच गोष्ट सांगायचास, तुझ्या लग्नातही सांगितलीस, की मी धडपडत होतो आणि आमचे बाबा मागे आरामात शूटिंग करत होते, पडलो तरी हातातला कॅमेरा सोडला नाही. सगळे हसले. बाबाही हसले. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, यात बोलण्यासारखं काय आहे, खरंच तर आहे.

बाबा नेहमी म्हणायचे, टीव्ही कडा खातो. जुन्या टीव्हीत चित्राची चारी बाजूंची किनार काचेच्या आड जायची, म्हणून चेहरा मध्ये ठेवायचा, कडेला काय आलं त्याची फिकीर करायची नाही. त्या टेपेत आपल्या टीव्हीवर खालच्या बाजूला कधीतरी काळसर काहीतरी सरकायचं. मी ती टेपेची खराबी समजत होते. चष्मेवालीच्या पडद्याने कडा खाल्ल्या नाहीत. अख्खं चित्र दिसलं.

ती सावली आहे. ऊन पाठीशी घेऊनच शूटिंग करायचं, हा त्यांचा नियम होता ना. त्यामुळे त्यांची सावली पुढे पडली आहे, तुझ्या मागच्या चाकाजवळ. डोक्यावर ती चपटी टोपी, एक कोपर वर, कॅमेरा धरलेलं. आणि दुसरा हात पुढे. तू सायकल चालवतोयस आणि तो हात तुझ्या मागे मागे येतोय, पंजा उघडा, सीटच्या अगदी जवळ, पण न टेकवता. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळा वेळ. तू पडतोस तेव्हा चित्र हादरतं आणि काळं होतं. आपण समजत होतो की त्यांनी कॅमेरा बंद केला. चष्मेवालीने तिथे चित्र थांबवलं. ते काळं म्हणजे तेच आहेत. धावत येऊन तुझ्यावर वाकलेत, आणि त्यांची सावली तुझ्या अंगभर पडली आहे.

मी उठून पडद्यावर बोट ठेवलं. ती म्हणाली, काकू, काचेवर डाग पडतील. मग म्हणाली, पडू देत, आणि खाली चहा सांगायला गेली. ती परत येईपर्यंत मी तशीच उभी होते. नंतर तिला म्हटलं, डोकीही ठेव, पायही ठेव, काही कापू नकोस. ती म्हणाली, मुलगा ओरडेल. म्हटलं, ओरडू दे.

मी त्यांना पाठीशी घालत नाही. तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला ते दुसऱ्यांच्या पोरांची लग्नं टिपत होते, हे मी विसरलेले नाही. माझ्याशेजारची त्यांची खुर्ची रिकामी असायची आणि मी तिच्यावर पर्स ठेवायचे. तुझा राग खोटा नाही. फक्त त्या एका सकाळपुरता तो चुकीच्या माणसावर आहे.

मागच्या आठवड्यात तू सांगितलंस की पोरीला सायकल आणलीस, आणि फोन स्टँडवर लावून तू स्वतः तिच्यामागे धावणार, कारण तुला बाबांसारखं करायचं नाही. मी तेव्हा नुसतं हं म्हटलं. त्या हंच्या ऐवजी हे पत्र आहे. धाव तू तिच्यामागे, चांगलंच आहे. पण त्याआधी एकदा ही टेप एकट्याने बघ. टीव्ही विचारेल, चित्र मोठं करू का, तर नको म्हण आणि नजर खालच्या कडेला ठेव. मग पोरीचा व्हिडिओ मला पाठव. फोन थोडा वेळ स्टँडवरून काढून हातात घे, ऊन पाठीशी घे, आणि खालचं काही कापू नकोस.

तुझीच, आणि त्यांचीही,
आई