दिवसा सांगितलेली गोष्ट

माय, तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. आज दिवाळीची सुट्टी लागली आणि मी जिथे काम करते त्या वसतिगृहात आता सहावीतली एक मुलगी आणि मी, दोघीच उरलोय. तिचा मामा तिला न्यायला तीन वाजता येणार होता. सव्वापाच झालेत. फोन लागत नाही. मधला रस्ता जंगलाचा, अंधार पडल्यावर त्यावर कुणी मोटरसायकल घालत नाही, हे तुला मी काय सांगावं.

दुपारी घरच्यांची वाट बघून मुली कंटाळल्या, म्हणून मी आमचा प्रवासाचा खेळ काढला. नागपूरला कॉलेजात असताना मैत्रिणीकडून शिकले होते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा, एक फासा, एक वही. प्रत्येकीचा एक प्रवासी. दान पडेल तसं वाटेत काय भेटलं ते सांगायचं. कुणी आंबील देतं, कुणाची हरवलेली शेळी शोधायची असते. कुणी मरत नाही, हरत नाही. फक्त, जिचा प्रवासी तिनेच त्याला पुढे न्यायचं. वर्गात तोंड न उघडणारी पोरगी इथे नदी ओलांडते, म्हणून मला हा खेळ फार मोलाचा वाटतो.

पण ही सहावीतली बसेना. खेळ म्हणजे शेवटी गोष्टच सांगायची ना. "मॅडम, आज नाई. दिवसा कायनी सांगितली त मामा वाट चुकते."

"तुह्या मामाले कायनी कायले पाह्यजे व? तो तसाच चुकते!" दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग मी त्यांना आपली, माझ्या लहानपणची हकिकत सांगितली. मामा यायचा आहे, अंगणात आपण तेंदूपत्त्याचे पुडे बांधतोय, मी शेजारच्या पोरींना गोष्ट सांगत बसलेय, आणि तू ओरडतेस, "चूप बस व! तुहा मामा वाट चुकन." मी उंबऱ्यावर बसून रडले. संध्याकाळी मामा नीट आला, तेव्हा तू हसून म्हणालीस, "पुडे कोन बांधन मंग? म्हनून म्हनलं." बघा, मी मुलींना म्हटलं, कामं व्हावीत म्हणून मोठी माणसं असं सांगतात. मी शिकलेली, मॅडम. तिने ऐकलं. फासा टाकला, छान रंगली. तिचा प्रवासी डोंगराच्या पायथ्याशी पोचला आणि तेवढ्यात एकेकीच्या घरचे यायला लागले. खेळ तिथेच थांबला.

आता ती पिशवी घेऊन फाटकाशी उभी आहे. मघाशी वळून तिने विचारलं, "मॅडम, तुमच्या मायनं खरंच तसं म्हनलं होतं न?"

मी हो म्हटलं. तू म्हणालीच होतीस. पण मामा आल्यावर म्हणालीस. तो येईपर्यंत पुडे तसेच टाकून तूही चारदा रस्त्यापर्यंत जाऊन आली होतीस. हे मी मुलींना सांगितलं नाही.

अजून गाडीचा आवाज नाही. तुलाच सांगते, माय. तिची पाठ होती तेव्हा मी वही उघडली आणि फासा न टाकता लिहून टाकलं, की तिचा प्रवासी उजेड असतानाच घरी पोचला.