मुठीतलं द्राक्ष

तासगाव, मंगळवार संध्याकाळ

दवाखान्यात नर्स म्हणून हे कितीदा केलंय, मग आज एवढी का घाबरले?

शेजारच्या आजींच्या दहा महिन्यांच्या नातीच्या घशात द्राक्ष अडकलं. साधा ठसका समजून आजी टाळूवर फुंकर घालत बसल्या आणि इकडे पोरीचे ओठ निळे! मी तिला हिसकावूनच घेतलं, हातावर पालथं धरून पाठीत थापट्या मारल्या.

"आवं सिस्टर, लेकराला मारताय व्हय?" आजी ओरडल्या.

द्राक्ष बाहेर पडलं. अख्खं. पोरगी रडली, तेव्हा कुठे मला श्वास आला. फार जोरात मारलं का मी?

आत्ता आजी आल्या होत्या. "लय उपकार झालं," म्हणत द्राक्षांची पाटी ठेवली. कडेवरच्या नातीच्या मुठीत एक द्राक्ष होतं. अख्खं.