लव्हाळा-निर्मूलनाची मोहीम

२ मार्च
प्रातःकाळी घरामागील भूखंडाचे अवलोकन केले. यास आजवर आम्ही लॉन म्हणत आलो, ही केवळ आमची सभ्यता. वस्तुतः तेथे लव्हाळा, आंबुशी, घोळ आणि एक अनामिक काटेरी वनस्पती यांचे संयुक्त सरकार आहे. संकल्प: सर्वांचा समूळ उच्छेद, तदनंतर उच्चकुलीन मखमली तृणाची प्रतिष्ठापना. कालावधी: एक ऋतू. विमा कंपनीत लोकांचे दावे फेटाळणे हाच माझा व्यवसाय आहे. ‘नाही’ हा शब्द आता गवताला ऐकवायचा.

पत्नीस योजना कथन केली. ती औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरपाशी उभी असते. म्हणाली, मखमल कशाला हवीय, संध्याकाळी चहा घेऊन पाय सोडून बसायला काहीतरी हिरवं असलं की झालं. आणि तुम्हीही बसत जा जरा. हल्ली आपण बोलतच नाही. तिला जूनपर्यंत धीर धरण्यास सांगितले. तोवर प्रवेश निषिद्ध. खुर्च्या उचलून आत ठेवल्या.

९ मार्च
खुरप्याने हातघाईचे युद्ध. अगणित मस्तकच्छेद. मरता मरता आंबुशीच्या शेंगा फुटल्या व बिया थेट माझ्या डोळ्यांत उडाल्या. भ्याड कुळी.

१० मार्च
दंताळ्यावर पाय पडला. दांडा नासिकेवर. रक्तस्राव. संतापून दंताळ्यास लाथ घातली. अंगठा काळानिळा. युद्धात हानी उभयपक्षी होतेच. दंताळे सुस्थितीत आहे.

६ मे
लव्हाळा उपटावा, तो चार दिवसांत पुनरपि हजर. मुळाशी काळ्या गाठी असतात. तेथे शत्रूचा शिधा. सबब नांगरणीचे यंत्र भाड्याने आणून भूमी उभी-आडवी फाडली. गाठींचे शतशः तुकडे केले. काय तो आवाज, काय ती धूळ! कत्तल हाच शब्द योग्य. यंत्राने शेवटी मला फरफटत नळापर्यंत नेले, परंतु तिकडे जाणे होतेच.

गुडघाभर उंचीच्या भिंतीपलीकडे मेव्हणा राहतो. पत्नीचा धाकटा भाऊ, टायरचे दुकान, दंड माझ्या मांडीएवढे. भिंतीवर पाय ठेवून म्हणाला, दाजी, एवढं खणलंच आहे तर विहीर काढून टाका की! पाणउतारा करण्याजोगे वाक्य रात्री जेवताना सुचले.

१९ जून
लव्हाळा तिप्पट. प्रत्येक तुकड्यातून एक नवा योद्धा. परंतु हे तुकडे माझे नव्हेत, अशी माझी धारणा आहे. पलीकडे मेव्हण्याच्या आवारात रान माजले आहे. तो महिन्यातून एकदा वरवर कापतो आणि त्यालाच लॉन म्हणतो. घुसखोरी तेथूनच.

पत्नीने जूनची आठवण करून दिली. सप्टेंबर म्हणालो. तिने खुर्ची उचलली, भिंत ओलांडली आणि भावाच्या रानात जाऊन बसली. तेथून तिचे हसणे ऐकू आले. हे हसणे आमच्या घरात मी बऱ्याच दिवसांत ऐकलेले नाही. तण हसवते काय?

२ ऑगस्ट
बियाणे-खतांच्या दुकानदाराकडून जहाल तणनाशक आणले. पडेल तेथील हिरवे म्हणून काही जिवंत राहत नाही. तो म्हणाला, साहेब, फवारणीचा पंप नीट तपासा, गळका असला तर सगळं अंगावर येतं. पंप तपासला. म्हणजे पाहिला. रंग उत्तम आहे.

४ ऑगस्ट, सायंकाळ
ऐतिहासिक दिवस. पंप पाठीवर बांधून सर्वसंहार केला. पाठीवरून पायांपर्यंत ओले वाटत होते. तो वीरश्रीचा घाम. याच वेळी पलीकडे पत्नी व मेव्हणा चहा पीत बसलेले दिसले. मेव्हणा ओरडला, दाजी, मारा, मारा, पण ताईला बसायला एखादं पातं तरी ठेवा हो! आणि पत्नी हसली.

ती हसली नसती तर पुढील घटनाक्रम टळला असता.

भिंत उल्लंघून त्याच्या आवारात प्रवेशलो. पंपाची पितळी नळी उगारली. ती त्याच्या भुवईवर लागली. भुवई फुटली. तदनंतर उभयपक्षी थोडी चर्चा झाली. चर्चेच्या अखेरीस मी काही काळ पृथ्वीवर उताणा पहुडलो. आकाश निरभ्र होते. मग सन्मानपूर्वक स्वगृही परतलो. एकंदरीत विजय.

५ ऑगस्ट
पाठीवर पुरळ. जबडा हलत नाही. त्याच्या भुवईला टाके पडले, ते घालायला पत्नीच घेऊन गेली होती. रात्री एवढेच म्हणाली, तो माझा भाऊ आहे, तुमच्या ऑफिसातला क्लेम नाही. मग बोलणे बंद.

१८ ऑगस्ट
माझी भूमी पिवळी पडली. संपूर्ण विजय.

तथापि एक अनपेक्षित बाब. मेव्हण्याच्या रानातही काही भाग वाळला आहे. भिंतीपासून लांब लांब टांगांची पिवळी पावले निघतात. बूट माझेच, टाच एका बाजूला झिजलेली. ती पावले मध्यभागी येऊन थांबतात. तेथे एक मनुष्याकृती आहे. हात पसरलेले, पाय फाकलेले, डोके किंचित डावीकडे. उंची माझ्याएवढी.

परतीची पावले नाहीत.

बुटांवरील औषध तोवर संपले असावे, असे पत्नीस सुचवले. दोन आठवड्यांनी ती प्रथमच बोलली: अहो, तुम्ही चालत कुठे आलात? एका ठोशात आडवे झालात. त्यानेच खांद्यावर टाकून आणलं तुम्हाला. टाके घालायच्या आधी.

हे मला स्मरत नाही. सबब नोंद अग्राह्य.

२३ ऑगस्ट
गल्लीतील लोक पाहावयास येतात. पोस्टमन आकृतीपाशी उभा राहून माझ्याकडे पाहतो, मग आकृतीकडे, आणि मान डोलावतो. टायर बदलायला आलेल्या गिऱ्हाइकांना मेव्हणा घरी आणून दाखवतो. म्हणतो, हे आमचे दाजी. थोडा आराम करताहेत.

आकृतीवर माती लोटण्यासाठी फावडे घेऊन निघालो होतो. भिंतीपाशी पत्नी उभी. म्हणाली, परत भिंत ओलांडलीत तर मी खुर्चीच नाही, माझी बॅगही तिकडे नेईन. तिच्या स्वरात विनोद नव्हता. फावडे घेऊन परतलो. वाटेत दोनदा खाली ठेवले. फावडे जड आहे.

१५ सप्टेंबर
मखमली तृणाचे बीज पेरले. पाकिटावरील चित्र पाहून डोळे भरून आले. पत्नीने ओंजळभर बी मागितले. कशाला, ते विचारले नाही. ती काही मागते आहे, हेच शुभचिन्ह. दिले.

१६ सप्टेंबर
चिमण्यांचा हल्ला. दगडफेक केली. स्वयंपाकघराची काच गेली. चिमणी एकही नाही.

२० सप्टेंबर
बीज रुजावे म्हणून पाइपाने जोरदार जलाभिषेक. बीज वाहत गटाराकडे गेले. गटाराच्या तोंडाशी भविष्य उज्ज्वल आहे.

११ ऑक्टोबर
तुरळक कोंब उगवले. लहानांना पोषण हवे, म्हणून खताची मात्रा दुप्पट. मग जरा आणखी.

१६ ऑक्टोबर
करपले. लव्हाळा मात्र खत पचवून गुडघ्याला लागला. कुदळीने त्याच्यावर तुटून पडलो. घाव नळाच्या पाइपवर बसला. कारंजे. चिखलात घसरून कोपर निखळले. हाड बसवणारा डॉक्टर म्हणाला, तुम्हीच का ते, गवतावरचे? फी चुकती केली.

८ डिसेंबर
भिंतीपलीकडील आकृती हिरवी झाली आहे. जवळून पाहता येत नाही, परंतु दुर्बिणीतून ओळखले. तलम, दाट, एकसारखे पाते. ते माझे बीज आहे. पत्नी रोज झारीने हळूहळू पाणी घालते. सभोवती सर्वत्र रान, आणि मध्ये मी, उताणा, मखमली. पाकिटावरील चित्राशी तंतोतंत जुळतो.

तांत्रिकदृष्ट्या मोहीम यशस्वी. स्थळाबाबत किरकोळ तफावत.

७ फेब्रुवारी
आमच्या बाजूस लव्हाळा पूर्ण बहुमतात. नवी योजना आखावयास बसलो. आखली नाही. संध्याकाळी घरात बसून स्वतःचा आवाज ऐकायचा, तोही मी काही बोललो तर.

२१ फेब्रुवारी, सायंकाळ
भिंतीपाशी उभा होतो. अमुक कारणास्तव, असे नव्हे. पत्नीची खुर्ची माझ्या छातीच्या बरोबर मध्यभागी होती. अनवाणी पाय माझ्या पोटावर. चहा संपल्यावर कप तिने माझ्या कपाळावर ठेवला. तेथे जमीन सपाट आहे.

मेव्हण्याने मला पाहिले. भुवईवरचा व्रण चोळत म्हणाला, ताई, दाजींना बोलवू का? काही घेऊन तर नाही ना आले? मी दोन्ही तळहात दाखवले. पत्नी माझ्याकडे न पाहता म्हणाली, या. बूट तिकडेच काढून.

बूट काढले. भिंत ओलांडली. मखमलीवर जागा नव्हती. मेव्हण्याची खुर्ची माझ्या गुडघ्यांवर होती. बाजूला लव्हाळ्यात बसलो. दुकानात आज खोकल्याच्या औषधावरून दोन म्हाताऱ्यांत भांडण कसे लागले, ते ती सांगत होती. शेवटपर्यंत ऐकले.

लव्हाळा बसावयास मऊ असतो.