विहिरीकडचा तुकडा

माकणी, ८ डिसेंबर २०२४

चि. वृषालीस रुद्रम्मा अव्वाचे आशीर्वाद.

तू शेतीशाळेत होतीस तेव्हाची एक सकाळ आज आठवली. शेण काढून, चूल पेटवून मी तुम्हा शेतीशाळेच्या पोरांसाठी भाकरी थापत होते. तू करडईतून नाचत आलीस आणि सगळ्या अळ्या चिरडल्या म्हणून सांगितलंस. त्या निघाल्या ढालकिड्याच्या, पिकाचा रस शोषणारा मावा खाणाऱ्या. आमचे मालक, तुमचे आप्पा, रागावले नाहीत. मित्र मारलेस, आता त्यांचं काम तू कर, एवढंच म्हणाले. दिवसभर बोटांनी मावा पुसलास आणि हात मात्र माझ्या पदराला पुसलेस, बाई!

वैशाखात आप्पा गेले, शेतीशाळाही बंद पडली. त्यांच्या शिकवायच्या तक्त्यावरच मी अक्षरं शिकले. आता तो भिंतीकडं तोंड करून ठेवलाय.

शेजारचे हिंमतराव सगळं रान बटईनं, पिकाच्या वाट्यावर कसायला मागतायत. येळवशीची अमावस्या झाली की सांगते म्हणालेय. देऊन टाकावं वाटतं. यंदा येळवशीला रानात कडब्याची कोप उभी करून पूजा मांडणार नाही. जोडप्यानं करायची पूजा, एकटीनं काय करू? तू येऊ नकोस.

तुझी अव्वा

तेरखेडा, १५ डिसेंबर २०२४

ती. अव्वांना वृषालीचा सविनय जयभीम.

तुम्ही येऊ नकोस म्हणालात, म्हणजे आता यायलाच पाहिजे. मी आता शेती शिकवते त्या गटात आठ मुली आहेत. त्यातली राजेश्वरी लई वांड. तुम्हाला कोणी शिकवलं, असं तिनं काल विचारलं. आप्पांचं नाव घेतलं आणि मी उगाच खोकत बसले.

अव्वा, एक मागते. मुलींना शिकायला रान नाही. पोरींचे प्रयोग आमच्या पिकावर नकोत, असं घरोघरी ऐकून झालं. विहिरीकडचा तुकडा आम्हाला द्याल? महिन्यातून एकदा मुक्कामी येऊ. सगळं रान हिंमतरावकाकांकडं गेलं, तर पहिला मावा दिसताच ते फवारा मारतील, मग मुलींनी बघायचं काय? तुमची समजूत काढायला मागत नाही, आमची अडचण आहे म्हणून मागते.

येळवशीला जीप करून येतो. पूजेतलं मला कळत नाही, ते तुम्ही बघा. अंबील प्यायला आम्ही आहोत.

माझ्यावर लोभ आहे तसाच असू द्या.

तुमची वृषाली

माकणी, २ जानेवारी २०२५

चि. वृषालीस आशीर्वाद.

ताप उतरला का? मुली जीपमधून उतरत होत्या तशी मी एकेकीच्या मागं तुला शोधत होते. शेवटी राजेश्वरीनं सांगितलं की ताई तापानं पडल्यात, पण कोणी माघारी फिरायचं नाही असा त्यांचा हुकूम आहे. लई राग आला तुझा. तुझ्या वाटणीची भज्जीची भाजीही तिलाच वाढली.

कोप मुलींनी उभारली, वाकडी. पूजा मी एकटीनं केली. हिंमतरावांची आई बांधावरून बघत होती. आता बोलणार, असं वाटलं. ती खाली आली, अंबील प्यायली आणि मीठ कमी आहे म्हणाली.

जेवणं झाल्यावर एका मुलीनं करडईचं पान उलटून, हे काय आहे म्हणून विचारलं. मी सवयीनं आप्पांकडं वळले. मग मीच सांगितलं. काही चुकलं असेल, आलीस की दुरुस्त कर. आणि ये लवकर. तू नसलीस की आप्पांविषयी बोलायला इथं माणूस न्हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंमतरावांच्या घरी गेले आणि विहिरीकडचा तुकडा सोडून बाकीचं रान त्यांना बटईनं दिलं.

तुझी अव्वा